बेळ्ळंदूर : खरकटे दळणारे यंत्र आणि तुंबणारे सिंक

बंगळुरूच्या आग्नेयेस, बाह्य वर्तुळाकार रस्त्याला लागून वाढलेल्या बेळ्ळंदूरमध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे राहतात. काही वर्षे अमेरिकेत काढून परतलेल्या गृहिणी-गृहस्थांना तेथील स्वयंपाकघरातील ज्या सोयी इकडेही हव्याशा वाटतात, त्यांत सिंकखाली बसणारा गार्बेज डिस्पोजर ही एक. ताटातील खरकटे व भाजीची साले हे यंत्र बारीक दळते आणि पाण्यासोबत नळीत सोडते. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी भांडी विसळताना सिंकमध्ये चार बोटे पाणी साचते आणि ते उतरायला दोन-तीन मिनिटे लागतात. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात यंत्र बहुधा निर्दोष असते. अडथळा त्याच्या पुढच्या नळीत असतो. दळलेला कचरा नाहीसा होत नाही, तो केवळ डोळ्यांआड होतो, हे ध्यानात घेतले की शोधाची दिशा सापडते.

यंत्राचे कार्य

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, रसीन या गावी जॉन हॅमिस या वास्तुविशारदाने १९२७ मध्ये हे यंत्र प्रथम बनविले. १९३५ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १९३८ मध्ये त्याने उत्पादनासाठी कंपनी काढली. यंत्राची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. त्यात मिक्सरसारखी धारदार पाती असतात, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. आत एक फिरती तबकडी असते व तिच्यावर दोन बोथट, हलते दांडके असतात. तबकडी वेगाने फिरली की कचरा बाहेरच्या बाजूस फेकला जातो आणि भोवतालच्या दातेरी कड्यावर घासून बारीक होतो. कड्याच्या फटींतून तो खाली उतरतो व बाजूच्या तोंडातून नळीत जातो. धार नसल्यामुळे लांब तंतू कापले जात नाहीत, ते दांडक्यांभोवती गुंडाळले जातात. अळूच्या शिरा, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याच्या कणसावरचे केस, केळीच्या पानाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या या यंत्राला मानवत नाहीत, त्याचे कारण हेच. कांद्याचे पातळ पापुद्रे तर न दळताच फटींतून घसरतात आणि पुढे नळीत ओल्या कागदासारखे चिकटून बसतात.

परदेशातून सामानासोबत आणलेल्या यंत्राबाबत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. अमेरिकेतील वीजपुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झचा, तर भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरविता येते, हर्ट्‌झ मात्र तेच राहतात. त्यामुळे इंडक्शन मोटारीचे यंत्र तेथे मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेत असेल, तर येथे ते सुमारे १४५० फेऱ्यांपर्यंतच पोहोचते. दळण जाडसर होते, मोटार अधिक तापते आणि जाडसर कण नळीत लवकर बसतात. 'तिकडे दहा वर्षे चालले, इकडे सहा महिन्यांत तुंबले' या तक्रारीमागे काही वेळा एवढेच कारण असते.

पाणी कोठे अडले आहे?

पाणी कधी, कोठे आणि कशा आवाजात थांबते, याचे पाच मिनिटे निरीक्षण केल्यास पुढचे अर्धे काम वाचते.

बटण दाबल्यावर यंत्र केवळ गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर आत काहीतरी अडकले आहे. बटण ताबडतोब बंद करावे, कारण अडकलेली मोटार क्षणाक्षणाला तापत जाते. यंत्र व्यवस्थित फिरते, परंतु पाणी घुसळून वर येते व उतरत नाही, असे असल्यास अडथळा यंत्राच्या तोंडापाशी किंवा त्यापुढील ट्रॅपमध्ये असतो. सिंकला दोन कप्पे असून एका कप्प्यातील पाणी दुसऱ्यात वर येत असेल, तर दोन्ही नळ्या जेथे एकत्र होतात त्याच्या पुढे नळी अडली आहे. भांडी धुण्याच्या यंत्रातील पाणी सिंकमध्ये उलटणे ही त्याचीच दुसरी खूण होय. मात्र ते यंत्र नव्यानेच जोडले असेल आणि त्यातले पाणी बाहेरच पडत नसेल, तर डिस्पोजरच्या बाजूच्या तोंडातील प्लास्टिकची चकती फोडायची राहून गेली आहे काय, हे पाहावे. ही चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते.

घरात कोणी नळ सोडलेला नसताना सिंकमध्ये पाणी वर आले, तर मात्र मामला वेगळा आहे. असे पाणी वरच्या मजल्यांचे असते आणि इमारतीचा उभा नळ खाली कोठेतरी तुंबलेला असतो. खालच्या मजल्यावरील घरांना याचा त्रास सर्वाधिक होतो. येथे स्वतःच्या सिंकखाली खटपट करून उपयोग नाही. उलट ट्रॅप उघडल्यास वरून येणारे पाणी स्वयंपाकघरभर पसरते. अशा वेळी इमारतीच्या व्यवस्थापनास कळवून त्या नळावरील सर्व घरांना पाणी न सोडण्याची सूचना द्यावी लागते.

यंत्र अडकले असल्यास

प्रथम प्लग काढावा. प्लग हाताशी नसेल तर त्या सर्किटचा एमसीबी पाडावा. केवळ भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही, कारण काम चालू असताना घरातील दुसरी व्यक्ती सवयीने ते दाबू शकते. त्यानंतर टॉर्चच्या प्रकाशात आत पाहावे. वीज बंद असली तरी आत हात घालू नये. चमचा, हाडाचा तुकडा किंवा बाटलीचे झाकण दिसले तर ते लांब चिमट्याने काढावे. अनेक यंत्रांच्या बुडाशी मध्यभागी षट्‌कोनी खाच असते. तीत एलन की घालून ती दोन्ही दिशांना आळीपाळीने फिरवावी. सुरुवातीस जोर लागतो, मग तबकडी मोकळी होते. मोटार निवण्यासाठी दहा मिनिटे थांबून बुडाचे लाल बटण आत दाबावे. ते आत राहत नसेल तर मोटार अजून तापलेली आहे असे समजावे.

वारंवार लाल बटण दाबावे लागत असेल किंवा यंत्राच्या अंगावरून पाणी ठिबकत असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. ओलावा आणि वीज एकत्र येण्याची ती जागा आहे. अर्थिंग नीट आहे की नाही, हे अशा वेळी विद्युत कारागिराकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

ट्रॅप, नळी आणि उतार

यंत्र फिरत असूनही पाणी रेंगाळत असेल, तर तपासणी ट्रॅपकडे वळवावी. ट्रॅप म्हणजे सिंकखालील नळीचे वळण किंवा वाटी. त्यात सतत थोडे पाणी साचून राहते व त्यामुळे गटाराचा वायू घरात येत नाही. आपल्याकडील सिंकखाली पुष्कळदा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असतो. साध्या सिंकसाठी तो सोयीचा आहे, कारण खालची वाटी फिरवून काढता येते. दळलेल्या कचऱ्यासाठी मात्र तो वाईट. पाण्याला त्यात एकदम दिशा बदलावी लागते आणि जड कण वाटीच्या तळाशी बसतात. डिस्पोजरसाठी आतून गुळगुळीत, सलग वळणाचा पी-ट्रॅपच हवा.

दुसरा दोष पांढऱ्या किंवा करड्या नालीदार लवचिक नळीचा. ती स्वस्त असते, हवी तशी वाकते आणि दहा मिनिटांत बसते. म्हणून कारागीर तिला पसंती देतात. तिच्या प्रत्येक वळीत दळलेल्या अन्नाचा थर बसतो, त्यावर तूप-तेल गोठते आणि काही महिन्यांत नळीचे तोंड निम्म्यावर येते. बाहेरून नळी जशीच्या तशी दिसते. ती कितीही साफ केली तरी तक्रार पुन्हा उद्भवते. ती बदलून सरळ, कडक पीव्हीसी नळी घालणे हाच इलाज होय.

तिसरा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. साध्या सिंकचे पाणी बुडाच्या जाळीखालून लगेच नळीत जाते. डिस्पोजर बसविला की तेच पाणी यंत्राच्या बाजूच्या तोंडातून, बरेच खाली बाहेर पडते. भिंतीतील नळीचे तोंड मात्र जुन्या सिंकच्या हिशेबाने आधीच पक्के केलेले असते. ते यंत्राच्या तोंडापेक्षा वर असेल, तर पाण्याला चढ चढावा लागतो आणि यंत्रात कायम घाण पाणी उभे राहते. मोजपट्टीने ही दोन्ही तोंडे जमिनीपासून किती उंच आहेत ते मोजावे. भिंतीचे तोंड खालीच असले पाहिजे आणि तेथपर्यंत आडव्या नळीला मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर उतार मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर भिंत फोडून तोंड खाली घेणे किंवा कमी खोलीचे सिंक बसविणे, एवढेच मार्ग उरतात. कोणतेही औषध ओतून उतार तयार होत नाही.

प्रत्यक्ष सफाईचा क्रम साधा आहे. आधी रबरी पंप वापरून पाहावा. सिंकला दुसरा कप्पा असेल तर त्याचे तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे आणि भांडी धुण्याच्या यंत्राची नळी चिमट्याने आवळावी. नाहीतर सारा दाब तिकडेच निघून जातो. त्याने पाणी मोकळे झाले नाही, तर खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा. ट्रॅप स्वच्छ निघाला, तर भिंतीतील नळीत लवचिक तार फिरवावी. तार यंत्रातून घालू नये. ती तबकडीत अडकते. ट्रॅप काढून थेट भिंतीतील तोंडातच ती घालावी. तारेच्या टोकाला जे येते त्यावरून कारण कळते. पिवळसर मऊ लोणी असेल तर तूप-तेल, करडा लगदा असेल तर भात-पीठ, आणि दोरखंडासारखा गुंता असेल तर भाजीचे तंतू.

तूप, भात आणि बोअरवेलचे पाणी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि साजूक तूप त्याहूनही वरच्या तापमानाला घट्ट होते. मुंबईच्या दमट हवेत जे तेल नळीतून वाहून जाते, तेच येथे हिवाळ्यात नळीच्या भिंतीला धरून राहते. त्यात कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्याची भर पडते. पाण्यातील कॅल्शियम आणि तेलातील आम्ले यांच्या संयोगाने साबणासारखा, परंतु पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. त्यावर दळलेले कण चिकटतात.

म्हणूनच यंत्र चालू असताना थंड पाणी सोडावे, गरम नव्हे, असे सांगितले जाते. थंड पाण्यात तुपाचे कण घट्ट राहतात व दळून वाहून जातात. गरम पाण्याने ते वितळतात आणि चार-पाच मीटर पुढे, हाताच्या टप्प्याबाहेर, पुन्हा गोठतात. अर्थात सर्वांत उत्तम म्हणजे तूप-तेल नळीत जाऊच न देणे. कढई आधी रद्दी कागदाने पुसावी, मग धुवावी.

भात, साबुदाणा, पोहे आणि मळलेली कणीक हे पदार्थ दळायला अगदी सोपे, आणि म्हणूनच फसवे आहेत. यंत्रातून ते सहज जातात, पण ट्रॅपमध्ये स्थिरावले की फुगतात व खळीसारखे चिकटतात. चहाचा आणि कॉफीचा चोथा याच्या उलट फुगत नाही. तो वाळूसारखा तळाशी बसतो. दोन्ही एकत्र आले म्हणजे गिलावाच तयार होतो.

पाणी किती सोडावे?

या प्रश्नाला बेळ्ळंदूरमध्ये वेगळे महत्त्व आहे. ४० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत मीटरमागे सुमारे सव्वा लिटर पाणी मावते. सिंकपासून उभ्या नळापर्यंतचे अंतर चार मीटर असेल, तर त्यातील सारे पाणी एकदा पुढे ढकलण्यासाठी पाच लिटर पाणी लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नळ यंत्र थांबल्यानंतर आणखी अर्धा मिनिट चालू ठेवला, तर तीनच लिटर पाणी जाते. म्हणजे दळलेला कचरा वाटेतच थांबण्याचा संभव असतो. यंत्र थांबताच नळ बंद करण्याची सवय हे सिंक तुंबण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु पाणी येथे सहज उपलब्ध नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूला तीव्र टंचाईला तोंड द्यावे लागले. पूर्वेकडील उपनगरांतील अनेक इमारती टँकरवर अवलंबून होत्या. त्या मार्चमध्ये बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने व्यापारी आस्थापना व निवासी संकुलांतील सामायिक नळांना पाण्याची धार कमी करणारे एरेटर बसविण्याचा आदेश दिला. पुढे अनेक घरांनी ते स्वयंपाकघरातील नळांनाही लावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी पाणीपुरवठ्याचा पाचवा टप्पा सुरू झाला. २००७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी तो होता आणि बेळ्ळंदूर हे त्याच विस्तारात शहरात आलेले. मात्र नळाला लावलेले एरेटर तसेच राहिले. पाणी वाचविण्याचा हेतू योग्यच, पण मिनिटाला तीन लिटरच्या धारेवर डिस्पोजर चालविणे म्हणजे नळी तुंबविणे होय. ज्यांना धार वाढविणे शक्य नाही, त्यांनी भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून दळण संपताच एकदम सिंकमध्ये ओतावे. त्याचा जोर नळाच्या धारेपेक्षा अधिक असतो.

टाळावयाचे उपाय

नळी मोकळी करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या तीव्र दाहक पुड्या, ज्यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो, डिस्पोजर असलेल्या सिंकमध्ये वापरू नयेत. पाणी तुंबलेले असल्यामुळे ते द्रावण यंत्रातच उभे राहते, तापते आणि रबरी गॅस्केट खराब करते. मग यंत्र चालू केल्यास त्याचे शिंतोडे डोळ्यांत उडू शकतात. नंतर ट्रॅप उघडणाऱ्या कारागिराला आत काय आहे याची कल्पना नसते. अशी पूड आधीच टाकली असेल, तर त्याला ते स्पष्ट सांगणे हे कर्तव्य आहे. उकळते पाणीही पीव्हीसीच्या सांध्यांना सोसत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला चांगला असतो. दोन्ही परस्परांचा प्रभाव मारतात आणि मागे खारट पाणी उरते. वास कमी करण्यास त्याचा थोडा उपयोग होईल, अडथळा काढण्यास नाही. बर्फाचे खडे दळल्याने आतील कडे काहीसे साफ होते, पण पुढच्या नळीवर त्याचा परिणाम होत नाही.

नळीच्या दुसऱ्या टोकाला

बेळ्ळंदूरमध्ये इमारती आधी आल्या आणि भूमिगत गटारे मागाहून. अनेक मोठ्या संकुलांनी त्यामुळे स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभारले. तेथे शुद्ध केलेले पाणी शौचालयांत व बागेला वापरले जाते. हे केंद्र आंघोळीच्या, धुण्याभांड्यांच्या आणि शौचालयाच्या पाण्याचा हिशेब धरून बांधलेले असते. पन्नास-शंभर घरांतून दळलेले अन्न येऊ लागले की त्यातील सेंद्रिय भार, गाळ आणि स्निग्धांश वाढतो. स्निग्ध पदार्थ अडविणारी टाकी लवकर भरते, हवा सोडणाऱ्या यंत्रांना अधिक वेळ चालावे लागते, आणि टाकीतील जिवाणूंना हा भार पेलला नाही की शौचालयाच्या टाकीतील पाण्याला वास येऊ लागतो. कॉस्टिक सोडा मोठ्या प्रमाणात गेल्यास हेच जिवाणू मरतात. म्हणून यंत्र बसविण्यापूर्वी केंद्राच्या चालकाला विचारणे इष्ट ठरते.

केंद्र नीट चालले नाही तर पाणी कोठे जाते, हे बेळ्ळंदूरच्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. सुमारे ९०० एकरांचा येथील तलाव हा शहरातील सर्वांत मोठा. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात उतरत गेले आणि साबणाच्या पावडरीतील द्रव्यांमुळे त्यावर फेसाचे डोंगर उभे राहिले. मे २०१५, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये या तलावाने पेटही घेतला. शेवटच्या आगीत ती विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रकरणी कर्नाटक शासनास ५० कोटी आणि महानगरपालिकेस २५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. येथून पाणी वर्तूर तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. या दुर्दशेला स्वयंपाकघरातील डिस्पोजर कारण नाहीत, हे खरे. परंतु त्यातून निघणारे प्रत्येक ताट त्याच वाटेने जाते.

सांडपाणी वाहिन्यांवरील भाराची चिंता इतरत्रही झाली. न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच भागात या यंत्रांवर बंदी होती आणि ती १९९७ मध्ये उठविण्यात आली. तेथे गटारांचे जाळे आधीपासून होते. बंगळुरूने वेगळी वाट धरली. मावळ्ळीपुरा आणि मंडूर येथील ग्रामस्थांच्या विरोधानंतर तेथील कचराभूमी अनुक्रमे २०१२ व २०१४ मध्ये बंद झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने प्रत्येक घराने दोन डबे व एक पिशवी ठेवून कचरा वेगळा करावा, असा आदेश दिला. ओला कचरा हिरव्या डब्यात, आरोग्यास घातक कचरा लाल डब्यात आणि सुका कचरा पिशवीत, अशी ती विभागणी. अनेक संकुलांच्या आवारात ओल्या कचऱ्याचे खत करण्याची सोय त्यानंतर झाली. ती जेथे आहे, तेथे साले, देठ, चोथा व उरलेला भात हिरव्या डब्यात टाकावा आणि ताट विसळताना सुटणारे बारीक कण तेवढे यंत्राकडे सोपवावेत. एवढ्या कामासाठी यंत्र दिवसाला अर्धा मिनिट चालविले तरी पुरते.

दुरुस्ती झाल्यावर सिंकचे तोंड बंद करून त्यात वीतभर पाणी भरावे, सांध्यांखाली कोरडा कागद पसरावा आणि यंत्र चालू करून पाणी एकदम सोडावे. पाणी भोवरा करीत, घोटाळा न होता उतरले आणि कागद कोरडा राहिला, तर काम नीट झाले. उतरण्यास किती सेकंद लागले ते सिंकखालील कपाटाच्या दारावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा घ्यावी. आकडा वाढलेला दिसला, तर पाणी तुंबण्याची वाट न पाहता ट्रॅप उघडावा.